दहाचे पंधरा

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड ही चार मुलांची नावं आहेत. आईबापांनी ठेवलेली नावं वेगळी होती. पण कॉलेज पार्ल्यात, आणि संध्याकाळी कोण कुठल्या गाडीला लटकणार यावरूनच एकमेकांची ओळख झालेली, म्हणून हीच नावं चिकटली. बोरिवली आणि मुलुंड या मुली, बाकीचे दोघे मुलगे. बोरिवली दिग्दर्शक. मुलुंड लेखक आणि कॅमेऱ्यामागेही तीच. कलाकार जमवायचं काम अंधेरीकडे. हिशेब घाटकोपरकडे, कारण त्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि चौघांत वजाबाकी त्यालाच येत होती.

मास मीडियाचं शेवटचं वर्ष. परीक्षेसाठी बारा मिनिटांची फिल्म करायची होती. गोष्ट चांगली होती. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईला झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत घर मिळतं, 300 चौरस फुटांचं. पहिल्या दिवशी ती स्वतःच्या घराची लादी पुसते, आणि मग आपल्याच घरात बसायचं कुठे हे तिला सुचत नाही. संहितेत या बाईला नाव नव्हतं. ‘कामवाली (45)’ एवढंच लिहिलेलं होतं. ते कुणाला खटकलं नाही.

अंधेरीनं मोबाइलवर जाहिरात तयार केली आणि ती नाटकवाल्यांच्या ग्रुपांवर फिरली. ‘हवी आहे : 40 ते 50 वयाची, सावळी, कामवाली वाटेल अशी स्त्री. मानधन नाही. जेवण, प्रवासखर्च आणि श्रेयनामावलीत नाव मिळेल.’ दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, तेव्हा आलेली मंडळी बघून त्यांना पुढच्या जाहिरातीत ‘चेहरा बरा असेल त्यांनीच यावं’ अशा अर्थाची ओळ घालावी लागली, असं सांगतात. शंभरहून अधिक वर्षांत आपण ‘सावळी’पर्यंत आलो आहोत.

अंधेरीला हे काम दिलं त्यालाही कारण होतं. तो यारी रोडला राहायचा, म्हणजे आराम नगरच्या शेजारी. आराम नगर ही वर्सोव्यातली बैठ्या घरांची वसाहत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली, फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेली, आणि आता तिथल्या घराघरांत कास्टिंगची ऑफिसं. सकाळी अकरापासून गल्लीत रांगा लागतात. दारातला पोरगा रांगेतल्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि दोन शब्द बोलतो : ‘नॉट फिट’. माणूस आत जात नाही, संवाद म्हणत नाही, निमूट पुढच्या दाराशी जातो. अंधेरीनं मे महिन्याची सुट्टी अशा एका दारात उभं राहून काढली होती. पहिल्या आठवड्यात त्याला वाईट वाटायचं. दुसऱ्यात सवय झाली. तिसऱ्यात ते त्याला चांगलं जमायला लागलं.

ऑडिशनच्या रविवारी कॉलेजनं एक वर्ग दिला, पंखे लावायची परवानगी दिली आणि लिफ्ट बंद ठेवली. वर्ग चौथ्या मजल्यावर. पंचेचाळिशीच्या बायका चार मजले चढून धापा टाकत यायच्या, आणि दारात अंधेरी उभा. त्यातल्या काहींना त्यानं श्वास घ्यायच्या आतच खाली पाठवलं. एक बाई ‘फार गोऱ्या’ होत्या, एक ‘बँकेतल्या वाटतात’. त्या खरंच बँकेतल्या होत्या. निवृत्त झाल्या होत्या आणि डोंबिवलीहून आल्या होत्या.

आत गेलेल्यांचं रीतसर झालं. कागदावर नाव, वय, उंची लिहून तो छातीशी धरायचा. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून दाखवायचे. मग संहितेतला उतारा. समोरच्या पात्राचे संवाद, म्हणजे क्यू, घाटकोपर द्यायचा, आणि तो प्रत्येक क्यू पावती वाचावी तसा वाचायचा. तरी बायकांनी जीव तोडून कामं केली. अडचण वेगळीच होती. पदर खोचला की जवळजवळ सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघत होता. नाकातला, चढा, ‘अवो बाईसाहेब’ म्हणणारा. मराठी नाटकातल्या मोलकरणीचा हा आवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दिवाणखान्याच्या नाटकात पडदा उघडला की ती झटकणं घेऊन येते आणि पहिला हशा घेऊन जाते. आपल्या घरी काम करणारी कुठलीही बाई तसं बोलत नाही, हे प्रेक्षकांनाही माहीत असतं आणि नटीलाही.

एक बाई तेवढ्या वेगळ्या निघाल्या. मुलुंड पूर्वेहून आलेल्या. लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, तिथून पुन्हा एक स्टेशन मागे पार्ले. दिवसा एका पतपेढीत नोकरी, वर्षाआड राज्य नाट्य स्पर्धा, अधूनमधून मालिकेत शेजारीण किंवा नर्स. त्यांनी उतारा वाचला, कागद मांडीवर ठेवला आणि विचारलं, “ही बाई कुठल्या जिल्ह्यातली?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तसं काही ठरवलं नाही, ताई,” मुलुंड म्हणाली. “मुंबईतलीच.”

“मुंबईतली कामवाली म्हणजे कुठूनतरी आलेलीच ना गं? कोकणातली एक बोलेल, जालन्याची दुसरं. माहेर कुठलं ते कळलं की तसं बोलते. नाव काय तिचं?”

त्यालाही उत्तर नव्हतं. मग त्यांनी उतारा साध्या आवाजात म्हटला. लादी पुसण्याचा अभिनयही केला, गुडघ्यावर बसून, पुढे पुढे सरकत. बोरिवलीला काम आवडलं, पण हव्या त्या चेहऱ्याची तिची कल्पना वेगळी होती. अंधेरीनं वहीत त्यांच्या नावापुढे ‘होल्ड’ लिहिलं आणि बाहेर जाताना त्यांना सांगितलं, “ताई, पंधरा ते सतरा तारीख मोकळी ठेवा, आम्ही कळवतो.” कास्टिंगच्या धंद्यात या वाक्याला कर लागत नाही, म्हणून ते सढळ हातानं वापरलं जातं.

संहितेत एक सात वर्षांचा नातूही होता. त्याच्यासाठी आया मुलांना घेऊन आल्या होत्या. एक मुलगा दारातच बसला आणि ‘मला नाही करायचं’ म्हणून रडायला लागला. आई म्हणाली, “लाजतोय, आत घ्या, आपोआप करेल.” मुलुंडनं त्याला आत घेतलं नाही. तिनं आदल्या रात्री नियम वाचले होते. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 साली नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून घेता येतं, पण त्याच्या मर्जीविरुद्ध नाही. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. त्याच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. घाटकोपरनं विचारलं, “मानधनच नाही, तर शून्याचे वीस टक्के किती?” विनोद म्हणून सगळे हसले. उपनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला, अर्जाला वेळ लागणार, आणि शूटिंग तीन आठवड्यांवर. नातवाची वीस वर्षांची मुलगी झाली आणि तो प्रश्न मिटला. फाळक्यांना एवढी सोय नव्हती. हरिश्चंद्राच्या गोष्टीत रोहिदास मरतो, म्हणून कुणी आपलं मूल द्यायला तयार होईना. शेवटी त्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला.

संध्याकाळी सगळ्या चित्रफिती बघून झाल्यावर बोरिवलीनं फोन उलटा ठेवला. “यातली एकही नाही,” ती म्हणाली. “आपल्याला खरी बाई पाहिजे.”

मग तिनं तो सगळा इतिहास सांगितला, जो फिल्म शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतो. नागराज मंजुळेंना ‘फँड्री’चा जब्या करमाळा तालुक्यातल्या केम गावात सापडला, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ची रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत शिकणारी. आणि सगळ्यांचे मूळपुरुष अण्णा साळुंके. तारामतीच्या कामाला फाळक्यांना बाई मिळेना. कॅमेऱ्यापुढे उभं राहायला कोठ्यावरच्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात त्यांना एक नाजूक हातांचा आचारी दिसला आणि 1913 साली तो पडद्यावर राणी झाला. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यानंच केले. “चेहरा सापडावा लागतो,” बोरिवली म्हणाली. “रांगेत तो येत नाही.”

आणि तिचा चेहरा तर रोज सकाळी साडेसातला तिच्याच घरात येत होता.

मावशी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या. राहायला काजूपाड्यात. बोरिवलीच्या घरी नऊ वर्षं कामाला. दुसऱ्या रविवारी त्यांना तिनं ऑडिशनला बोलावलं. पार्ल्यापर्यंत कशाला दमवायचं म्हणून बाकी तिघंच बोरिवलीला आली. मावशी आल्या त्या अबोली रंगाची, जरीच्या काठांची साडी नेसून. पावडर, गजरा, हातात नव्या बांगड्या.

बोरिवलीचा चेहरा पडला. “अहो मावशी, अशा नको होत्या. रोज येता तशाच यायचं होतं.”

“रोज येते ती कामाला येते,” मावशी म्हणाल्या. “हे काम हाय का?”

“म्हणजे काम आहे, पण तसं नाही.”

“मग कसं?”

“तुम्ही फिल्ममध्ये दिसणार. मोठ्या पडद्यावर. तुम्हाला काही वेगळं करायचंच नाहीये, जे रोज करता तेच फक्त कॅमेऱ्यासमोर.”

मावशींनी थोडा विचार केला. “किती दिस?”

“तीन.”

“म्हणजे तीन खाडे. पाच घरचे पंधरा. दोन बायका खाडा कापत न्हाईत, तीन कापत्यात. एवढं सलग राहिले तर त्या दोघी बी कापतील.” मग त्या घाटकोपरकडे वळल्या. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यावर खर्चाचा तक्ता उघडा होता. “तुमच्याकडं हिशेब हाय व्हय? वाचा बरं.”

घाटकोपरनं वाचला. हिशेबाला तो कुणाला नाही म्हणू शकत नाही. कॅमेरा आणि लेन्स, तीन दिवसांचं भाडं 10,500. दिवे 6,000. ध्वनिमुद्रण 6,000. जेवण 7,500. प्रवास 3,000. हार्ड डिस्क 4,500. ड्रोन 5,000. महोत्सवांचं प्रवेशशुल्क 4,000. एकूण 46,500. कलाकारांच्या ओळीत नुसती आडवी रेघ.

“त्या मिशनला रोज साडेतीन हजार?”

“हो. भाड्यानं आणतो ना.”

“तिला चहा बी लागत न्हाई,” मावशी म्हणाल्या, “तरी साडेतीन.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखर मौज वाटली होती. त्यांनी बशीतली बिस्किटं पोरांकडे सरकवली आणि म्हणाल्या, “आन पैशाचं सोडा. दिलं तरी मी करणार न्हाई. हप्ताभर मी तेच करते. मग रविवारी साडी बदलून तेच लोकांना दाखवू? देवीचं काम असलं तर सांगा. सिंहावर बसायचं, हातात तलवार. गावाला जत्रंत पाहिलंय मी. ते करीन.”

खरा चेहरा शोधत निघालेल्या माणसाला तो चेहरा कधी कधी नाही म्हणतो. सापडण्याच्या गोष्टींत हा प्रसंग सहसा नसतो.

उठता उठता मावशींनीच विचारलं, “बाकीच्या बायका कशा करत्यात? बघू.” मुलुंडनं चित्रफिती लावल्या. मावशींनी सगळ्या बघितल्या, एका जागी बसून, मालिका बघावी तशा नाही, तर नव्या बाईचं काम मालकिणीनं बघावं तशा. नाकातल्या आवाजांना त्या हसल्याही नाहीत. “ही असं का बोलती? सर्दी झालीय का?” एवढंच एकदा विचारलं. मुलुंड पूर्वेच्या ताई आल्या तसं त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. ‘ही बाई कुठल्या जिल्ह्यातली?’ हा प्रश्नही चित्रफितीत आला होता, कारण कॅमेरा बंद करायला कुणी विसरलं होतं.

“हिनं इचारलं तरी,” मावशी म्हणाल्या. “हिला घ्या. फक्त हिला लादी पुसता येत न्हाई. पुढं सरकत पुसती. म्हणजे पुसलेल्या जागंवर गुडघा. लादी मागं सरकत पुसायची, दाराकडं.”

मुलुंड कागद घेऊन बसली. मागे सरकत पुसायची म्हटल्यावर कॅमेरा खिडकीपाशी लागणार, बाई त्याच्यापासून दूर दूर जाणार. आणि खोली संपेल तेव्हा ती कुठे असणार? उंबऱ्याबाहेर. स्वतःच्या नव्या घराच्या बाहेर, चपला ठेवतात त्या जागेवर. लादी वाळेपर्यंत आत येता येणार नाही. तीन महिने चौघांना न सुचलेला शेवट मावशींनी चहा संपायच्या आत दिला होता, आणि तो शेवट होता हे त्यांना माहीतही नव्हतं.

सोमवारी त्यांनी सरांना सगळं सांगितलं. सरांनी फार काही म्हटलं नाही. बोरिवलीला ‘कोर्ट’ पुन्हा बघायला सांगितलं. चैतन्य ताम्हाणे पार्ल्याच्या मिठीबाईत शिकलेला, म्हणजे या मुलांच्या दृष्टीनं गल्लीतलाच. त्याच्या 2014 च्या त्या चित्रपटात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी रंगभूमीवर घडलेल्या नटी, आणि आरोपी लोकशाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक. “एक शिकून आली, एक जगून आला. दोघं एकाच कोर्टात उभे आहेत,” सर म्हणाले. “खरं कोण आणि खोटं कोण ते मला ओळखून दाखव.”

पण गोष्ट फिरली ती घाटकोपरमुळे. त्याला साळुंक्यांवर दोन पानं लिहून द्यायची होती आणि ती त्यानं रात्री गाडीत वाचून काढली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बोरिवली, तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. साळुंक्यांना उपाहारगृहात महिना दहा रुपये होते. फाळक्यांनी पंधरा देऊ केले.”

“मग?”

“मग काय? दीडपट. आमच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानातला माणूस आणायचा तर दीडपट द्यावेच लागतात. आचाऱ्याची राणी झाली म्हणता, पण तो आला कशाला? कलेसाठी? फाळक्यांनी तर आपल्या कंपनीतल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर कारखान्यात कामाला आहे म्हणा. कारखाना म्हटलं की पगार आलाच.” आणि बोलायच्या भरात त्यानं ‘सलाम बॉम्बे’ही काढला. मीरा नायर यांनी 1988 च्या त्या चित्रपटासाठी रस्त्यावरची मुलं घेतली, त्यांची कार्यशाळा घेतली, आणि चित्रपटानंतर तशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा केला. “सापडला, सापडला म्हणून सगळे सांगतात. पुढचा हिशेब कोण सांगत नाही.”

हे एका भांडेवाल्याच्या मुलाला दिसावं आणि बाकीच्या तिघांना दिसू नये, यात आश्चर्य नाही. आपल्याकडे पोस्टरवाल्याला पैसे देतात, मांडववाल्याला देतात, ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ देतात. गाणाऱ्याला शाल देतात.

तक्ता पुन्हा मांडला. ड्रोन काढला, 5,000. तसाही विमानतळाच्या इतक्या जवळ तो उडवू देणार कोण? दुसरी लेन्स काढली, 1,500. महोत्सवांची यादी अर्धी केली, 2,000. हातात 8,500 आले. रोजचा दर सगळ्यांना एकच ठरला, 1,200. ताईंचे तीन दिवस 3,600. मुलीचं काम करणारीचा एक दिवस 1,200. मावशींचे दोन दिवस, एक शिकवायचा आणि एक शूटिंगवर उभं राहायचा, 2,400, आणि पाच घरच्या दोन-दोन खाड्यांचे वेगळे 600. उरलेल्या 700 रुपयांपुढे घाटकोपरनं लिहिलं : शेवटच्या रात्री उशीर झाल्यास ताईंची रिक्षा.

व्हाउचरवर मावशींचं पूर्ण नाव लिहायचं होतं. बोरिवलीला ते घरी फोन करून विचारावं लागलं, आणि आईलाही नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

मुलुंड पूर्वेच्या ताईंना फोन करायचं काम अंधेरीकडे आलं. ऑडिशन होऊन अडीच आठवडे झाले होते. मधे एका ओळीचाही निरोप गेला नव्हता.

“पंधरा ते सतरा ना?” ताई म्हणाल्या. “मोकळी आहे. तुम्हीच ठेवायला सांगितली होती. मढला एका मालिकेचं दोन दिवसांचं काम आलं होतं, ते सोडलं.”

अंधेरीला काय बोलावं ते सुचेना. “ताई, तुम्ही आम्हाला विचारायचं तरी.”

“मी कशी विचारू, बाळा? विचारलं की म्हणतात, बाई मागे लागते. आणि मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, त्यामुळे फार दुःख नाही. तुमचे कधी?”

“त्याच दिवशी, ताई. रोजच्या रोज.”

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ताईंनी विचारलं, “जिल्हा ठरला का?”

त्यानंतर वहीतल्या बाकीच्या सगळ्यांना अंधेरीनं स्वतः फोन केले. दारातून परत पाठवलेल्यांनाही, कारण खाली वॉचमनच्या नोंदवहीत त्यांचे नंबर होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं काही हृदयस्पर्शी वगैरे झालं नाही. दोघींनी फोन उचलला नाही. एकीला कुठली फिल्म ते आठवेना. एकीनं आपला फोटो परत मागितला. डोंबिवलीच्या निवृत्त बाईंनी मात्र त्याला दहा मिनिटं सुनावलं. चार मजले, गुडघे, रविवारचं जेवण टाकून आले, आणि नॉट फिट म्हणजे काय रे, मी काय पॅंट आहे का? अंधेरीनं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं विचारलं, शेजारणीच्या दोन ओळी आहेत, कराल का? त्या म्हणाल्या, आधी लिफ्ट चालू आहे का सांग.

शूटिंग घाटकोपर पश्चिमेच्या एका नव्या झोपु इमारतीत झालं, घाटकोपरच्या वडिलांच्या दुकानातल्या नोकराच्या भावाच्या घरी. त्या घराचं भाडं तक्त्यात नव्हतं, ते मग जेवणाच्या पैशांतून कापून दिलं आणि तीन दिवस सगळ्यांनी वडापाव खाल्ले. शिकवायच्या दिवशी मावशींनी ताईंना फडकं पिळायला शिकवलं, बादली कुठल्या हाताला ठेवायची ते दाखवलं, आणि कमरेला कुठे कळ येते ते बोट ठेवून सांगितलं. ताईंनी माणदेशातली चार वाक्यं त्यांच्याकडून घोटून घेतली. संहितेतल्या बाईला आता नाव होतं आणि माहेरही होतं. शूटिंगच्या दिवशी मावशी अबोली साडीतच आल्या, मॉनिटरजवळ खुर्ची टाकून बसल्या, आणि दोन टेक त्यांनी ‘पाणी जास्त झालं’ म्हणून परत करायला लावले. बोरिवलीनं केले. रोज संध्याकाळी घाटकोपर पाकिटं वाटायचा आणि सही घ्यायचा. मावशींनी पैसे मोजून घेतले. ताईंनी मोजले नाहीत, म्हणून घाटकोपरनं त्यांच्यासमोर मोजून दिले.

फिल्म बरी झाली. ध्वनी मधे मधे खराब आहे आणि मुलीचं काम करणारी जरा जास्तच रडते. पाठवलेल्या महोत्सवांपैकी एकानं ती घेतली, बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही, तेव्हा अंधेरीला फार राग आला आणि मुलुंड खूप हसली. शेवटच्या दृश्याला मात्र कॉलेजच्या सभागृहात कुणी बोललं नाही. बाई मागे मागे सरकत उंबऱ्याबाहेर जाते, फडकं पिळते, आणि चपलांशेजारी बसून लादी वाळायची वाट बघते. मावशींनी फिल्म दोनदा पाहिली. त्यांचं मत असं, की बाईनं काम चांगलं केलंय, पण खिडकीखालचा कोपरा राहिला.

पुढच्या वर्गानं या वर्षी ऑडिशनची सूचना लावली आहे. तीत पात्राचं नाव आहे, जिल्हा आहे, रोजचा दर आहे, आणि निवड झाली नाही तरी अमुक तारखेपर्यंत फोन येईल असं लिहिलं आहे. वर्ग तळमजल्यावर मिळाला आहे. चौघांपैकी तिघं आता कामाला लागली, आणि अंधेरी पुन्हा आराम नगरात गेला. दारात नाही, आत.

देवीचं काम अजून आलेलं नाही. कुणाच्या नाटकात, सिनेमात, निदान सोसायटीच्या नवरात्रात तशी जागा असेल तर कळवा. मावशींचा रविवार मोकळा असतो. इतर वारी बोलावणार असाल तर खाड्याचे वेगळे.